पूल कोण घेणार

आमच्या डेपोत वर्षभर कसले ना कसले दिवस चालू असतात. ऐकू न येणाऱ्यांचा दिवस, डावखुऱ्यांचा दिवस, बायकांचा दिवस, पाठदुखीचा दिवस, झोपेचासुद्धा दिवस. प्रत्येक दिवसाची एक रंगीत फीत असते आणि ती मी शिवते. डेपोच्या शिवणखोलीत मी कामाला आहे. ड्रायव्हर-कंडक्टरांचे गणवेश उसवले, बटणं तुटली, खिसे फाटले की ते माझ्या मशीनवर येतात. आता त्या खोलीत रिबिनीच्या रिळांनी इतकी जागा खाल्ली आहे की मला पाय पसरायची सोय उरली नाही.

उगाच नावं ठेवणार नाही. या दिवसांमुळे काही बरंही झालं. बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी बसली, जिच्यासाठी सांगून सांगून आमच्या जिभा झिजल्या होत्या. फाटकापाशी उतार बांधला, तेव्हा कुबड्या घेऊन चालणारे आमचे पास खिडकीवरचे कारकून पहिल्यांदा कुणाचा हात न धरता आत आले. ते मी या डोळ्यांनी पाहिलंय, मग खोटं का बोलू.

हे दिवस आणले आमच्या कल्याण अधिकारी बाईंनी. वय कोवळं, आवाज मऊ, आणि समोरच्याचं ऐकता ऐकता हिच्याच डोळ्यांत पाणी. डेपोने आठवड्याच्या आत तिचं नाव कल्याणबाई ठेवून टाकलं. मनाने वाईट असती तर सोपं झालं असतं. वाईट माणसाला तोंडावर चार शब्द सुनावता येतात. कल्याणबाईला काही बोलायला जावं तर ती आपला हात हातात घेते, आणि आपलंच बोलणं आपल्याला लागट वाटायला लागतं.

मनमोकळा दिवस ही तिचीच कल्पना. त्या दिवशी फाटकापाशी तीन टोपल्या ठेवतात. हिरवी फीत म्हणजे मी मजेत आहे, पिवळी म्हणजे जरा ओढाताण चालली आहे, आणि लाल म्हणजे मला बोलायचंय. ज्याला जी पटेल ती त्याने छातीवर लावायची आणि वर्कशॉपच्या शेडमध्ये जमायचं. तिथे खुर्च्या, व्यासपीठ, माइक, डेपोभर लाउडस्पीकर. पहिल्या वर्षी लाल फीत लावून व्यासपीठावर चढला तो माझा नवरा.

ते कळायला आधी पुलाचं सांगितलं पाहिजे. आमच्या शहराचे नदीने दोन तुकडे केले आहेत. डेपो अलीकडे, आमचं घर पलीकडे आणि मधे पूल. लांबलचक, अरुंद आणि कठडे ठेंगणे. माझा नवरा याच मार्गावर बस चालवायचा. त्याला सगळे सावकाश म्हणायचे, कारण तो गाडी तशीच हाकायचा आणि बोलायचाही तसाच. एकदा पुलाच्या मधोमध पुढचं टायर फुटलं. गाडी कठड्याला घासत गेली आणि थांबली. प्रवाशांना साधं खरचटलंही नाही. पण त्यानंतर पूल दिसला की याच्या हातांतलं बळ जायचं. बाकीच्या रस्त्यावर हा राजा, पुलापाशी आला की पाचोळा.

पुलाअलीकडच्या थांब्यावर गाड्या जरा वेळ उभ्या राहतात. ड्रायव्हर उतरतात, चहा पितात, एकमेकांची उणीदुणी काढतात. तिथे एक रीत आपोआप पडली होती. सावकाशची गाडी आली की दुसरा कुणीतरी ड्रायव्हर उठायचा. ‘पूल घेऊ?’ ‘घे.’ एवढंच बोलणं. तो गाडी पलीकडे नेऊन द्यायचा आणि पलीकडून येणाऱ्या गाडीने परत यायचा. मग सावकाशही दुसऱ्यांचं काहीबाही घ्यायचा. एका मिशीवाल्या ड्रायव्हरला बाजारातल्या बोळात गाडी मागे घेताना घाम फुटायचा, त्याचा बोळ माझा नवरा घ्यायचा. एकाच्या घरी तान्हं मूल होतं आणि डोळ्याला डोळा लागत नव्हता, त्याची पहाटेची फेरी कुणीतरी घेतली. ज्याचं जिथे अडतं ते दुसऱ्याने घ्यायचं आणि घेतल्याची वाच्यता करायची नाही. नियमात हे बसत नव्हतं. नियम करणाऱ्यांना कधी बोळातून गाडी मागे घ्यावी लागली नव्हती.

तर माझा नवरा व्यासपीठावर गेला. त्याला वाटलं, आज मन मोकळं करायचा दिवस आहे, तर आपल्या माणसांचे आभार मानावेत. मला पुलाची भीती वाटते म्हणाला. पण माझ्या मित्रांनी मला कधी उघडं पडू दिलं नाही म्हणाला. आणि मग भोळेपणाने एकेकाचं नाव घेऊन सांगितलं, कुणी कुणी त्याचा पूल घेतला ते. टाळ्यांनी शेड दणाणली. कल्याणबाई रडली. मोठ्या साहेबांनी त्याला मिठी मारली. मी मागे उभी होते आणि मला दिसत होतं, ज्यांची नावं घेतली ते ड्रायव्हर टाळ्या वाजवत नव्हते.

शिक्षा केली असं कुणी म्हणू शकणार नाही. शिक्षा केलीच नाही. सुरक्षा विभागाने त्याला ‘काळजीपोटी’ गाडीवरून काढलं आणि गाड्या धुण्याच्या कामावर ठेवलं. त्याच्या मित्रांना ताकीद मिळाली, परवानगीशिवाय चाक हातात घेतल्याबद्दल आणि दिल्याबद्दल. थांब्यावर चहाला बसणं बंद झालं. कल्याणबाईने त्याचा मोठा फोटो कॅन्टीनच्या वाटेवर लावला. हसरा चेहरा, छातीवर लाल फीत आणि खाली लिहिलेलं, ‘मी बोललो. तुम्हीही बोला.’

पुढच्या वर्षी मनमोकळ्या दिवसानंतर टोपल्या माझ्याकडे परत आल्या. हिरवी रिकामी. पिवळी भरलेली. लाल अगदी मी दिली तशी, वरची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. कल्याणबाईचा चेहरा आनंदाने फुलला होता. बघा, म्हणाली, एका वर्षात आपण कुठून कुठे आलो. मी टोपलीतल्या त्या लाल फितींकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या डेपोत एकालाही काही दुखत नाही, असं कधी असतं का?

माझा धाकटा भाऊही याच डेपोत ड्रायव्हर आहे. आई लवकर गेली, त्याला मीच वाढवला. माझ्या नवऱ्यानेच त्याला गाडी शिकवली. त्याची नोंद डेपोत सगळ्यांत स्वच्छ. साधा आरसा फुटल्याची तक्रार नाही. माझ्या लेकीचा तर तो जीव की प्राण. मामा आला की तिला आईबाप दिसत नाहीत.

तिसऱ्या मनमोकळ्या दिवसाच्या काही आठवडे आधी तो आमच्याकडे जेवायला आला होता. बोलता बोलता त्याचा हात हवेत थांबला. घास बोटांत तसाच. डोळे उघडे, पण डोळ्यांत कुणी नाही. लेक खिदळायला लागली, म्हणाली, मामा स्टॅच्यू खेळतोय. मी त्याला हाक मारली, काही नाही. मग जसा थांबला तसाच चालू झाला, घास तोंडात घातला आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे बोलायला लागला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत होतो. त्याने विचारलं, काय झालं?

दमणूक आहे, असं तो म्हणाला. पुन्हा एकदा तसंच झालं तेव्हा मी त्याला खोलीत नेऊन दार लावलं. मग कबूल झाला. रस्त्यावरही झालंय. सिग्नलला होता, मागच्या गाड्यांच्या हॉर्नने परत आला. डेपोच्या डॉक्टरकडे गेला होता, त्यांनी डोळे पाहिले, रक्तदाब पाहिला, ठणठणीत म्हणाले. हे त्यांना सांगितलंस का, मी विचारलं. नाही, म्हणाला. माझा नवरा दारात उभा होता. त्याने सावकाश सांगितलं की उद्यापासून चाकाला हात लावू नकोस, मी तुझ्याबरोबर साहेबांकडे येतो.

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं. “भाऊजी, मी रोज तुमच्या फोटोखालून जेवायला जातो,” तो म्हणाला. “जाताना एकदा बघतो आणि येताना एकदा.”

माझा नवरा दारातून बाजूला झाला. पूर्वीचे दिवस असते तर धाकट्याने थांब्यावर दोन शब्द टाकले असते आणि चार जणांनी मिळून त्याची गाडी वाटून घेतली असती, तो बरा होईपर्यंत. आता कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. मिशीवाला ड्रायव्हर बोळात गाडी घालताना ओठ चावून रक्त काढायचा, ते त्याच्या रुमालावर मला दिसायचं, पण मनमोकळ्या दिवशी त्याच्या छातीवर फीत हिरवीच. मी धाकट्याकडून वचन घेतलं की मनमोकळ्या दिवसाची गडबड पार पडली की बाहेरच्या मोठ्या डॉक्टरकडे जायचं. तोपर्यंत रजा टाक म्हटलं. त्याने टाकलीही. तेवढ्यावर मी रात्री झोपू शकत होते.

मनमोकळ्या दिवशी या वेळी एक नवीन टूम होती. कार्यक्रम संपला की कामगारांच्या मुलांना बसने पुलापलीकडच्या बागेत न्यायचं. गाडी मिशीवाला चालवणार होता, म्हणून मी लेकीला पाठवायला तयार झाले. पूल सरळ आहे, त्यात बोळ नाही. शिवाय कल्याणबाईने मलाही व्यासपीठावर बोलावलं होतं. पडद्यामागच्या हातांचा मान, असं त्याचं नाव. ज्या हातांनी फिती शिवल्या त्याच हातांनी वर्षातल्या उत्तम ड्रायव्हरला फीत लावायची. हे हात आजवर कुणाला दिसले नव्हते ते आज दिसले, याचं मला थोडं बरंही वाटलं. माणूस आहे मी.

शेड भरलेली होती. जिकडे बघावं तिकडे हिरवं. मुलांना पुढच्या रांगेत बसवलं होतं, माझी लेक मधे, दोन वेण्या घालून. माझा नवरा आला नव्हता. तो धुण्याच्या जागी गाड्यांवर पाणी मारत होता, केशरी रबरी एप्रन घालून. या कार्यक्रमाला तो कधीच येत नाही.

मोठ्या साहेबांनी उत्तम ड्रायव्हर म्हणून धाकट्याचं नाव पुकारलं. मी चमकले, कारण तो रजेवर होता. पण तो आला, इस्त्रीच्या गणवेशात, मान खाली घालून. त्याला बक्षीस घ्यायला मुद्दाम बोलावलं होतं. आणि मग साहेब हसून म्हणाले की मुलांची गाडीही आज हाच नेणार, सगळ्यांत सुरक्षित हातांत आपली मुलं. मुलांनी आरडाओरडा केला. लेक खुर्चीवर उभी राहिली.

मी त्याच्यासमोर फीत घेऊन उभी राहिले. नाही म्हण, मी पुटपुटले. ताई, आत्ता नको, तो ओठ न हलवता म्हणाला. मी त्याच्या खिशावर टाचणी घातली आणि वर बघितलं, तर तो गेला होता. उभा होता, डोळे उघडे होते, पण गेला होता. त्याची पाठ लोकांकडे होती, चेहरा फक्त मला दिसत होता. मागे टाळ्या चालल्या होत्या. मी त्याचा दंड घट्ट धरून ठेवला, नाहीतर कदाचित पडला असता. मग तो परत आला, हसला आणि लोकांकडे वळून त्याने नमस्कार केला.

माइक जवळच होता. मी तो ओढला.

“माझा भाऊ आज गाडी चालवणार नाही,” मी म्हणाले. “त्याला मधेच शुद्ध राहत नाही. आत्ता इथे गेली होती. ही मुलं त्याच्या गाडीत बसवू नका.”

माझा आवाज डेपोच्या कानाकोपऱ्यातून परत माझ्याकडे आला. साहेबांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तो असता तर मी सहन केला असता. लहानपणी ताप आला की तो तसा बघायचा.

“ताईचं मनावर घेऊ नका,” तो म्हणाला. “भाऊजींचं झाल्यापासून तिला सगळीकडे तेच दिसतं. रात्र रात्र झोपत नाही ती.”

बस. तेवढ्याने काम झालं. कुणी मला खोटारडी म्हणालं नाही, कुणी ओरडलं नाही. सगळ्यांचे चेहरे एकदम मऊ झाले. कल्याणबाई माझ्याजवळ आली आणि तिने माझा हात हातात घेतला. तुम्ही किती दिवस हे एकट्या सोसत होतात, म्हणाली. तिने टोपलीतून एक लाल फीत काढली, मीच शिवलेली, आणि माझ्या पदराला लावली. शेडमध्ये पुन्हा टाळ्या वाजल्या, आधीपेक्षा जोरात. मी म्हणत होते, मी ठीक आहे, त्याला बघा, त्याला. जितकी मी म्हणत होते तितकी ती मान हलवत होती. दोन बायकांनी मला दोन्ही बाजूंनी धरलं. लेक रडवेली होऊन बघत होती, तिला कुणीतरी बिस्कीट दिलं.

डेपोच्या वरच्या मजल्यावर एक विश्रांतीखोली आहे. तीही अशाच एका दिवसाची कमाई. फिकट भिंती, मऊ कोच, कुंडीत झाड. मन शांत व्हावं म्हणून खिडकी मुद्दाम नदीकडे काढली आहे. मला तिथे बसवलं, पाणी दिलं आणि दार अगदी हळू लावलं. कल्याणबाई माझ्या शेजारी बसली. दाराला बाहेरून कडी नव्हती. पण मी उठले की ती उठत होती, आणि दाराबाहेर त्या दोघी होत्या. मी एकदा तिला ढकलून जायला बघितलं. तिघींनी मिळून मला मिठी मारली. अशी मिठी सोडवायला माणसाला मारामारीच करावी लागते, आणि ती केली असती तर तेही दुखण्याचंच लक्षण ठरलं असतं.

खाली मुलांचे फोटो काढणं चाललं होतं, ते आवाजावरून कळत होतं. मग गाडी सुरू झाली. कितीतरी वर्षं गाड्यांच्या आवाजात काम केलंय, पण त्या दिवशी तो आवाज माझ्या दातांत उतरला. खिडकीतून मला फाटक दिसत नव्हतं, नदीकाठचा रस्ता दिसत होता आणि त्याच्या टोकाला पूल. काही वेळाने गाडी त्या रस्त्याला लागली. पांढरी, धुतलेली, वर हिरवे फुगे बांधलेले.

“दीर्घ श्वास घ्या,” कल्याणबाई म्हणाली. “मी ऐकतेय. बोला.”

मी काय बोलणार? बोलून झालं होतं. मी खिडकीची चौकट धरली. गाडी पुलाअलीकडच्या थांब्यापाशी आली. तो थांबा आता ओसाड असतो, चहाची टपरीही उठली आहे. पण त्या दिवशी तिथे कुणीतरी उभं होतं. लांबून माणूस ओळखू येत नव्हता, फक्त केशरी रंगाचा एक ठिपका दिसत होता. ठिपक्याने हात वर केला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. लाउडस्पीकर धुण्याच्या जागीही लावलेले आहेत. माझं बोलणं ज्याला पोहोचायचं त्याला पोहोचलं होतं. तो हातातली नळी टाकून मागच्या दाराने निघाला असणार आणि नदीकाठच्या पायवाटेने धावत गेला असणार, ज्याला अख्खा डेपो सावकाश म्हणतो तो.

गाडी थांबली. ती पुढे निघून जाऊ शकली असती, थांबण्याचं काही कारण नव्हतं. पण धाकट्याने ती थांबवली. बराच वेळ काहीच हललं नाही. मग केशरी रंग पुढच्या दाराने आत गेला. गाडी पुलावर चढली, इतकी हळू की मागच्या गाड्यांची रांग लागली. माझा नवरा पूल घेत होता. ज्या पुलाच्या नुसत्या नावाने त्याचे हात गार पडायचे, तो पूल तो आपल्या लेकीला आणि त्या सगळ्या पोरांना घेऊन ओलांडत होता. मधोमध आल्यावर गाडी आणखी मंदावली. मग ती पुढे सरकली आणि पलीकडच्या झाडांत दिसेनाशी झाली. मी जमिनीवर बसून रडले. कल्याणबाईही रडली. तिला वाटलं, मी मोकळी झाले.

हे इथे संपलं असतं तर मी सांगायला बसले नसते.

संध्याकाळी मुलं परत आली तेव्हा लेक गाडीतून उडी मारून धावत आली आणि सगळ्यांसमोर, साहेबांसमोर, छाती फुगवून म्हणाली, माझ्या बाबांनी पूल घेतला, जातानाही आणि येतानाही. पोरीची काय चूक? तिला बापाचा अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. गाडीवरून काढलेला माणूस मुलांनी भरलेल्या बसचं चाक हातात घेतो, याहून भयंकर काय असणार? त्याला घरी बसवलं. तेही काळजीपोटीच. धाकट्याला फक्त समज दिली, थोरल्या मेहुण्याला नाही म्हणू न शकल्याबद्दल. तपासणी झाली, डोळे उत्तम, रक्तदाब उत्तम. तपासत होते तेवढा वेळ तो शुद्धीत होता. आठवड्याभरात तो पुन्हा पुलाच्या मार्गावर रुजू झाला.

मी साहेबांकडे गेले, सुरक्षा विभागाकडे गेले. सगळ्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कल्याणबाईला फोन लावला. कल्याणबाईने मला श्वासाचे व्यायाम शिकवले. कॅन्टीनच्या वाटेवर आता नवऱ्याच्या शेजारी माझाही फोटो आहे, पदराला लाल फीत लावलेला. लग्नातला आमचा एकही फोटो धड आला नव्हता, ती हौस अशी फिटली. ड्रायव्हर मंडळी जाताना एकदा बघतात आणि येताना एकदा.

धाकटा माझ्याशी बोलत नव्हता. मग एका दुपारी शिवणखोलीत आला, दार लोटलं, सदऱ्याचं बटण लावून घ्यायचं म्हणाला. बटण तुटलेलं नव्हतं, त्याने ते ओढून काढलं होतं. मी लावत होते तेव्हा त्याने विचारलं, सकाळी कामाला यायला माझी गाडी धरशील का? धरीन म्हटलं. पहिल्या दिवशी शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी असताना त्याने मला आपल्या सीटशेजारी उभं केलं आणि हँडब्रेकचा दांडा दाखवला. कसा उचलायचा, किती ताकद लागते. माझा हात धरून करून घेतलं. त्यापलीकडे तो काही बोलला नाही, मीही नाही. कबुली कशाला म्हणतात ते मला कळतं. मोठ्या डॉक्टरचं नाव मी रोज काढते, आणि तो रोज पुढच्या आठवड्यात म्हणतो.

तेव्हापासून मी रोज त्याच्या शेजारी दांड्याला टेकून उभी राहते. मला गाडी येत नाही, त्यामुळे पूल मी दुसऱ्या तऱ्हेने घेते. गाडी पुलावर चढली की बोलायला लागते. लेकीची शाळा, नळाची गळती, घरी बसून बसून त्याचे भाऊजी कसे आता कपाटांची बिजागरं दुरुस्त करतात ते. काहीही. तो प्रत्येक वाक्याला हं म्हणतो. जोवर हं येतोय तोवर माझा हात नुसता दांड्यावर असतो. मागे लोक पेंगत असतात, पेपर वाचत असतात. कुणाला वाटत असेल, बहीणभावाचं किती जमतं.

शिवणखोलीत पुढच्या मनमोकळ्या दिवसाची मागणी आली आहे. या वर्षी फक्त हिरव्या फिती सांगितल्यात, बाकीच्या वाया जातात म्हणून. काल सकाळी मी तेच त्याला सांगत होते. गाडी पुलाच्या मधोमध होती, समोरून पाण्याचा टँकर येत होता. फक्त हिरव्या, मी म्हणाले, ऐकलंस का?

हं आला नाही. मी दांडा उचलला.